खड्ड्यातली पुली

शेंदूर आणि तेलाचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. देवाशी माझं भांडण नाही, ते आम्ही छप्पन सालीच मिटवून टाकलं. माझं भांडण एका पट्ट्यावरून आहे. हातभर रुंद, चामड्याचा, अकोल्याच्या एका जिनातला पट्टा. घरचे म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता तरी सोडा. मी म्हणतो, ज्याला सोडायचं असेल त्यानं सोडावं. मला ते जमत नाही आणि जमावं असं वाटतही नाही.

जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. पूर्वी हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नसे, आता घरातल्याच पोरांना सांगावं लागतं. बायका ओळीनं यंत्रांपुढं उभ्या राहून कापूस घालत, समोरून रुई निघे आणि खाली सरकी पडे. ही सगळी यंत्रं एकाच इंजिनावर चालत. इंजिनाचं मोठं चाक एका बाजूला, कारखान्याच्या पोटातून जाणाऱ्या लांब शाफ्टचं लहान चाक दुसऱ्या बाजूला, आणि दोघांना जोडणारा हा पट्टा. पट्टा घसरला की यंत्रं मंदावत, रुळांत कापूस अडकत असे आणि बायका ओरडायला लागत.

त्या पट्ट्याचा माणूस मी. पट्टा कापायचा, चामड्याच्या वादीनं शिवायचा, चढवायचा, उतरवायचा. चामड्याचं काम म्हणून ते आमच्या वाट्याला आलेलं, त्यात कोणी माझी हुशारी पाहिली नव्हती. लोखंडाचं काम मिस्त्रींचं. मिस्त्री साठीला टेकलेले होते, बोटं पान्यासारखी घट्ट, आणि मी खोटं बोलणार नाही, जे काही मला येतं ते त्यांनीच शिकवलं. एका दुपारच्या सुट्टीत त्यांनी तंबाखूचे दोन डबे आणि धोतराची एक लांब चिंधी घेतली. डब्यांवरून चिंधी गोल फिरवून एक डबा फिरवला आणि म्हणाले, "हे पाह्य. ज्या अंगानं ओढून राहिला ते ताणलं. दुसरं अंग लोंबून राहिलं. दाब देनं हाय तर लोंबत्या अंगाले दे. तिथं दाबलं की पट्टा लहान चाकाले मिठी मारते. ताणल्या अंगाले हात लावशीन तर काईच होनार नाई, निस्ता पट्टा फाटीन." हे शिकवून झालं आणि ते आपला डबा घेऊन भिंतीच्या पलीकडच्या सावलीत जेवायला गेले. रोज जात. मी अलीकडच्या सावलीत जेवायचो.

आम्ही बौद्ध झालो त्यानंतरच्या तिसऱ्या दिवाळीला जिनात नवं इंजिन आलं. आधी वाफेचं होतं, ते काढून तेलाचं बसवलं. जागा अपुरी होती, म्हणून नवं इंजिन शाफ्टच्या फार जवळ बसलं, आणि जवळ बसल्यामुळे लहान चाकावर पट्ट्याची पकड कमी पडू लागली. त्यावर इलाज म्हणजे जॉकी पुली, पट्ट्यावर बाहेरून दाब देणारं एक फिरतं चाक. इंजिनवाल्यांची अस्सल पुली यायला महिने लागणार होते. हंगाम तर दारात. मग अमरावतीच्या एका ओतशाळेत तसलीच पुली ओतून घेतली आणि ती एसटीच्या टपावरून अकोल्यात आली.

जिनाचे मालक म्हणजे शेठजी, त्यांनी तिची पूजा केली. हार, हळद, कुंकू, तेल-शेंदूर, नारळ. लक्ष्मीच आली म्हणाले. तिथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. पण ती बसवायची वेळ आली तेव्हा मी पाहिलं की हे नवं इंजिन जुन्याच्या उलटं फिरतं. पट्ट्याचं वरचं अंग खाटेच्या सुंभासारखं ताणलेलं होतं आणि खालचं अंग लोंबत होतं. म्हणजे पुली खाली बसायला हवी. खाली म्हणजे मोठ्या चाकासाठी खणलेल्या खड्ड्यात, जिथं काळं तेल आणि ओल साचलेली असे आणि जिथं सफाईला फक्त मी उतरत असे.

मी हळूच म्हणालो, "मिस्त्री, ढिली बाजू तर खाली हाय."

शेठजींनी ऐकलं. "काय म्हून राहिला हा?"

मिस्त्रींनी माझ्या पायावर पाय दिला. "काई नाई, शेठजी."

"खाली?" शेठजी म्हणाले. "पूजा केलेली लक्ष्मी खड्ड्यात घालता? खड्ड्यात तर..." आणि माझ्याकडे पाहून त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. ते मी मनात पूर्ण केलं. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकानं केलं असेल. पुली वर बसली, दारातून येणाऱ्याला समोर दिसेल अशी, आणि तिच्यावर हार चढला.

मुहूर्ताच्या दिवसापासून पट्टा घसरू लागला. सकाळी थोडा चाले, दहा वाजले की किंचाळायचा आणि जळक्या चामड्याचा वास सगळ्या कारखान्यात भरायचा. कापूस घालणाऱ्या बायकांतली एक म्हातारी दर वेळी माझ्याकडे पाहून म्हणायची, "काहून रे बावा, आज बी नाई चालत काय तुया पट्टा?" ती गमतीनं म्हणायची, पण माझं तोंड उतरायचं. पट्टा माझा होता ना.

पहिलं खापर पुलीवर फुटलं. मॅनेजर पुण्याकडचे, शुद्ध बोलणारे, त्यांनी मला अमरावतीला पिटाळलं, ओतशाळेवाल्याला जाब विचारायला. ओतशाळेचे मालक म्हणजे अंगभर काजळी माखलेले एक वयस्क काका. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "लावली कोनत्या अंगाले?" मी सांगितलं. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. "माई पुली गोल हाय," म्हणाले, "वाकडं दुसरं काईतरी हाय तुमच्या जिनात." आणि मला त्यांनी चहा दिला, स्वतःच्या कपासारख्याच कपात. मी परत येऊन मॅनेजरांना म्हणालो, पुली ठीकच आहे म्हणतात, ती खाली घ्यायला हवी. ते म्हणाले, "तो ओतारी आम्हाला शिकवणार का?"

मग उपाय सुरू झाले. ते आठवले की आजही माझी तळपायाची आग मस्तकात जाते. पहिला उपाय राळेचा. राळेची पूड पट्ट्यावर टाकली की तासभर पकड येते, मग पट्टा काचेसारखा गुळगुळीत होतो आणि आधीपेक्षा वाईट घसरतो. हे मिस्त्रींनीच मला शिकवलेलं, आणि मॅनेजरांच्या हुकुमावरून तेच मूठ भरभरून राळ टाकत होते. दुसरा उपाय शेंदराचा. पट्टा घसरतो म्हणजे पुलीवरची देवी रुसली, म्हणून रोज सकाळी इंजिन चालू करण्याआधी पुलीला तेल-शेंदूर. पुली वर असल्यामुळे तिच्यावरचं तेल ओघळून खालच्या पट्ट्याच्या आतल्या अंगावर पडे, आणि आतलंच अंग तर चाकाला धरतं. पट्टा आणखी घसरला की देवी आणखी रुसली, मग दुसऱ्या दिवशी तेल दुप्पट. असा तो कारभार. शिकली-सवरलेली माणसं, इंग्रजीत पत्रं लिहिणारी, पट्ट्याला तेल पाजत होती आणि तो घसरतो का म्हणून एकमेकांना विचारत होती!

आणि मग त्यांना मी सापडलो. त्या वर्षी दिवाळीआधीच्या खंडेनवमीला सगळ्यांनी आपापली हत्यारं पाटावर पूजेला ठेवली होती, मी माझी आरी, चाकू आणि वाद्या ठेवल्या नव्हत्या. मागच्या वर्षीही ठेवल्या नव्हत्या, तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता आलं. मॅनेजर शेठजींना म्हणाले, "ज्याच्या हातात पट्टा आहे त्यानेच पूजा सोडली, मग यंत्र कसं चालेल?" शेठजींनी मान हलवली. ते मला बोलावून म्हणाले, "बाजाराच्या दिवसापर्यंत पाहातो. त्याच्यानंतर पट्टा घसरला तं तू घरी. अन् बाकीच्या जिनवाल्याइले बी सांगून देईन, याच्या हातानं पट्टा चालत नाई."

घरी बसायला मी घाबरत नव्हतो, मजुरी कुठंही मिळते. पण पट्टा न चालणारा हात, हा शिक्का एकदा बसला की अकोल्यात तर काय, मूर्तिजापूरपर्यंत कोणी दारात उभं करणार नव्हतं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, तो हातच होता. शेठजी हे बोलत होते तेव्हा मिस्त्री शेजारीच उभे होते. पूजेचा आणि पट्ट्याचा काही संबंध नाही, पुली चुकीच्या बाजूला आहे, एवढं एक वाक्य. त्यांनी मूग गिळले. खालच्या फरशीकडे पाहत राहिले, जणू तिथं काही सांडलं होतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "मिस्त्री, उद्या कारखाना बंद हाय. मी पुली खाली नेतो."

त्यांनी दाराकडे पाहून घेतलं. मग पेटीतला मोठा पाना काढून त्यांनी बाकावर ठेवला. "मी काई पायलं नाई," म्हणाले, "अन् तू मले काई सांगतलं नाई." आणि पाठ करून निघून गेले. त्या वेळी मला त्यांचे उपकार वाटले. आज वाटतं, पाना देण्याची हिंमत होती, मग तोंड का शिवलं होतं?

बाजाराच्या दिवशी सकाळी मी चौकीदाराला सांगितलं, पट्टा शिवायचा आहे, आणि आत गेलो. आधी पट्टा उतरवला. पसरून पाहिला तर आतलं अंग राळ, तेल आणि शेंदराच्या थरानं लाल-काळं चकाकत होतं. चाकूच्या पाठीनं ते सगळं खरवडलं, घासलेटच्या चिंध्यांनी पुसलं, वर राख चोळली, पुन्हा पुसलं. तेल पिऊन पट्टा लांबलाही होता, म्हणून तो वीतभर कापून नव्या वादीनं शिवला. मग साखळीच्या घिरणीनं पुली उतरवली आणि खड्ड्यात शिरलो. तिथं गुडघ्यापर्यंत काळं पाणी होतं. ते उपसून काढलं, पुलीचा आधार खालच्या भिंतीला घट्ट केला, पट्टा पुन्हा चढवला, पुलीच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन टांगलं, तसं ते चाक लोंबत्या पट्ट्याला खालून वर दाबू लागलं. पुलीवर वाळलेला शेंदूर मी बसवण्याआधीच छिन्नीनं काढला होता. देवीला माझा राग आला असेल तर तिनं मला सांगावं, असं मोठ्यानं म्हणालोसुद्धा. तिथं ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. शेवटी लहान चाकावर आणि पट्ट्यावर मिळून खडूची एक सरळ रेघ मारली आणि इंजिन हातानं सावकाश फिरवून पाहिलं. पट्टा चाकावर होता तोवर रेघ तुटली नाही, म्हणजे तो घसरत नव्हता. मी खड्ड्याच्या काठावर बसून भाकर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन चालू झालं. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. पट्टा आवाजच करेना. यंत्रं एका सुरात चालत होती आणि रुईचे ढीग वाढत होते. ती म्हातारी ओरडून म्हणाली, "चालला रे बावा तुया पट्टा!" मी हसलो. त्या हंगामात पहिल्यांदा हसलो असेन.

दुपारी शेठजी आले, सोबत मॅनेजर. मॅनेजरांनी आदल्या संध्याकाळी फाटकाजवळच्या मारुतीला नवस बोलून नारळ फोडला होता, त्यामुळे ते अगदी फुललेले. शेठजींनी चालणारा पट्टा पाहिला, वरची रिकामी जागा पाहिली, वाकून खड्ड्यात पाहिलं.

"पुली खाली कोनं नेली?"

सगळे मिस्त्रींकडे पाहू लागले. मीही. ते माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. त्यांनी घसा साफ केला. "शेठजी, देवाची कृपा झाली म्हना," ते म्हणाले. "चालून राहिलं तं चालू द्या."

"देव पावला!" मॅनेजर म्हणाले. शेठजींनी हात जोडले. दुकानातून फेटा आणवला आणि मिस्त्रींना बांधला, हातात नारळ दिला. मिस्त्रींनी घेतला. बायका यंत्रांपुढून माना वळवून पाहत होत्या. त्यातल्या दोघीतिघींना तरी माहीत होतं, कारण मी सकाळी अंगभर खड्ड्याचा काळा चिखल घेऊनच आलो होतो, घरी घासून घासून निघाला नव्हता.

तरीही मी गप्प राहिलो असतो. खरं सांगतो, राहिलो असतो. पट्टा चालत होता, शिक्का टळला होता. पण मॅनेजर तेल-शेंदराची वाटी घेऊन माझ्याकडे आले. "आता पुली खाली गेली आहे," म्हणाले, "तेव्हा रोज सकाळी हा शेंदूर तूच लावायचास. तुमच्याशिवाय त्या खड्ड्यात कोण उतरणार?"

जे तेल मी दिवसभर खरवडून काढलं, तेच पुन्हा. जे मी सोडलं, तेच माझ्या हातानं. आणि खड्डाही माझाच. डोळ्यांपुढं लाल झालं.

मी वाटी घेतली नाही. मिस्त्रींकडे वळलो. "मिस्त्री, तुमी सांगा. हा पट्टा कोनं चालवला?"

त्यांनी फेट्याचा शेमला नीट केला. बस, एवढंच केलं.

"मिस्त्री, मी तुमाले इचारून राहिलो."

"जाऊ दे ना बापा," ते पुटपुटले. "चाललं ना."

मी इंजिनाकडे गेलो आणि तेलाचा दांडा खाली ओढला. इंजिन दोनतीन वेळा खोकलं आणि थांबलं. सगळी यंत्रं एकेक करून थांबली. हंगामात जिनात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, कुठल्यातरी बाईच्या बांगड्या वाजल्या त्या ऐकू आल्या. असं इंजिन पुन्हा चालू करायला हवेची टाकी भरावी लागते, त्यात अर्धा तास जातो. मी म्हणालो, "आता देवाले म्हना, चालू कर." आणि फाटकातून बाहेर पडलो. माझ्यामागं कोणी आलं नाही.

आईनं ऐकलं आणि चुलीपुढून न उठता म्हणाली, "बरं केलं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पन मंग आता कुठं जाशीन?"

प्रश्न बरोबर होता. अकोल्यातल्या प्रत्येक जिनाच्या दारात मला तेच ऐकायला मिळालं, चालतं इंजिन बंद पाडणारा तो तूच का? शेठजींनी शब्द पाळला होता. पट्टा मात्र पूर्ण हंगाम चालला, तो मी बांधलेल्या वजनावर आणि मी घातलेल्या वादीवर. रस्त्यानं जाताना भिंतीबाहेरून त्या यंत्रांचा एक सूर ऐकू यायचा आणि माझे दात आपोआप आवळले जायचे.

महिन्याभरानं मी अमरावतीला ओतशाळेवाल्या काकांकडे गेलो. कोळसा ओढायचं काम मिळालं तरी चालेल, एवढंच मनात होतं. मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, "ये. तुले पुलीच्या कामावर घेतो. बसवनं-बिसवनं तूच पाहात जा."

मी चकित झालो. म्हणालो, "तुमी मले वळखत बी नाई."

"तुमचा मिस्त्री आल्ता मागच्या हप्त्यात," काका म्हणाले. "इथंच बसला होता, त्या पेटीवर. लय रडला. म्हने, तो पट्टा पोट्ट्यानंच चालवला. ढिली बाजू त्यानं पयल्याच दिवशी वळखली होती अन् मी त्याच्या पायावर पाय देला. म्हने, त्याच्यासारखा हात अख्ख्या वऱ्हाडात नाई, तुमी त्याले घ्या." मग ते कौतुकानं म्हणाले, "मोठ्या मनाचा मानूस हाय तो."

मी त्या ओतशाळेत अकरा वर्षं काढली. तिथल्या कामावर माझं घर उभं राहिलं, भावंडं शिकली. जिनात विजेच्या मोटारी येईपर्यंत मी वऱ्हाडभर पुल्या बसवत फिरलो, सगळ्या ढिल्या बाजूला, आणि एकीलाही शेंदूर लावू दिला नाही. ती नोकरी मला मिस्त्रींच्या शब्दानं मिळाली, हे मला ठाऊक आहे. लोक म्हणतात, मग राग कसला?

सांगतो कसला. ओतशाळेत ते बोलले तेव्हा तिथं काका होते, कोळसा होता, ऐकून कोणाचं काही बिघडणार नव्हतं. त्यासाठी ते साठ मैल एसटीनं आले. अकोल्यात ते माझ्यापासून दोन हातांवर उभे होते.